त्या अर्जावर मी सही का करणार नाही



पोस्ट लांब झाली आहे. वेळ नसेल त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: आपल्या ग्रुपवर गेले दोन आठवडे जो तलावाचा अर्ज फिरतो आहे त्यावर मी सही करणार नाही, आणि तुम्हीही करू नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. वेळ असेल त्यांनी चहा घेऊन बसा.

अर्जात तीन मागण्या आहेत. एक, तलावातली सगळी 'जंगली वनस्पती' यंत्र लावून काढावी. दोन, सिंघाड्याचा ठेका कायमचा बंद करावा. तीन, काठ पक्का बांधून फवारे आणि नौकाविहार सुरू करावा. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जबलपूरकरांना कळेल, बाकीच्यांनी आपापल्या गावचा तलाव डोळ्यासमोर आणावा, फारसा फरक पडणार नाही. इंदूर, ग्वाल्हेर, सागर, बडोदा, हैदराबाद, कुठेही जा, कथा तीच.

पहिल्या मागणीतल्या अर्ध्या भागाशी माझं भांडण नाही. जलकुंभी काढलीच पाहिजे. (पुण्या-कोल्हापूरकडे हिलाच जलपर्णी म्हणतात. आमच्या तोंडात इकडचं जलकुंभीच बसलं आहे.) भांडण आहे ते 'सगळी' या शब्दाशी. आणि दुसऱ्या मागणीशी तर पूर्ण आहे.

वाद पेटला तो अमेरिकेतून आलेल्या एका फोटोवरून. आपल्यातल्याच एका घरचा मुलगा बॉस्टनजवळ असतो. त्यानं तिकडच्या तळ्यातले फोटो पाठवले. लोक होडग्यांत बसून पाण्यातून हिरव्या वेली उपटताहेत, पोत्यांत भरताहेत, आणि खाली मजकूर की हे 'वॉटर चेस्टनट' घातक तण आहे, याची विक्री आणि लागवड अनेक राज्यांत बेकायदेशीर आहे. झालं! आपल्या मंडळींना पुरावाच मिळाला. "बघा, अमेरिकेत बंदी आहे आणि आपण तलावात पिकवतो!" एकानं तर लिहिलं, "आपण उपासाला तण खातो आहोत."

फोटो खरा आहे. मजकूरही खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

ती वेल आपला शिंगाडाच आहे. तीच जात म्हणा किंवा अगदी सख्खी. (तिकडच्या चिनी खानावळीत वॉटर चेस्टनट म्हणून जे पांढरं करकरीत काप देतात ते वेगळं. तो लव्हाळ्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा कंद. चिरंजीवांना ते माहीत नसावं.) १८७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या वनस्पतीबागेत हा शिंगाडा हौसेनं लावला गेला. बागेच्या माळ्यानं जवळच्या फ्रेश पाँड नावाच्या तळ्यात बिया टाकल्या. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळ्यातून तो हडसन नदीत गेला, विसाव्या शतकात वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीत पसरला, शँप्लेन सरोवरात पोचला. आजही तिकडे दर उन्हाळ्यात माणसं आणि यंत्रं लावून तो काढतात. काठावर पडलेली वाळकी फळं चपलेतून पायात घुसतात, म्हणून लोक वैतागतात. बी चिखलात बारा वर्षंही जिवंत राहू शकतं.

आता प्रश्न असा की आपल्याकडे हजारो तलावांत शेकडो वर्षं हाच शिंगाडा आहे. मग त्यानं आपले तलाव गिळले का नाहीत?

उत्तर सोपं आहे. आपल्याकडे तो कुणीतरी खुडतो.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे, वनस्पतिशास्त्राची आहे. शिंगाडा ही एका वर्षाची वेल आहे. थंडी संपता संपता ती मरते. पुढच्या वर्षी जे उगवायचं ते बियातून, म्हणजे त्याच फळातून. फळ पिकून तळाशी पडलं तर उगवेल. फळ टोपलीत गेलं, बाजारात गेलं, आपल्या कढईत गेलं, तर उगवायचं कशातून? अमेरिकेत फळ खाणारा कुणी नाही, म्हणून सगळंच्या सगळं बी तळाशी जातं. तिकडे ते स्वयंसेवक होडीत बसून जे काम फुकट करतात, म्हणजे बी पडण्याआधी वेल रिकामी करणं, नेमकं तेच काम आपल्याकडे ढीमर आणि केवट बाया-माणसं पोटासाठी करतात. आणि वर त्या कामाचा ठेका भरतात! खर्च करायच्या ऐवजी उत्पन्न होतंय आणि आपण म्हणतोय की बंद करा. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. एवढा उलटा हिशेब मी बुडीत खात्यांतही पाहिला नाही.

आणखी एक गंमत. सिंघाड्याच्या पानाला एक छोटा भुंगेरा लागतो, पानाची चाळण करतो. इकडचे लोक त्याला शिव्या घालतात, त्याच्यावर औषध मारतात. त्याच भुंगेऱ्याला अमेरिकेत सोडता येईल का, तो तिकडची दुसरी झाडं तर खाणार नाही ना, हे कॉर्नेल विद्यापीठातले शास्त्रज्ञ तपासत आले आहेत. इकडचा चोर तिकडे शिपाई व्हायच्या रांगेत. तेव्हा 'अमेरिकेत अमुक आहे' एवढ्यानं आपल्या तलावाचा निकाल लागत नाही.

मला हे कुठून माहीत, असं कुणी विचारेल. कॉमर्सचा माणूस, याला वेलींशी काय देणं-घेणं? तर माझी दुसरी पोस्टिंग सिहोऱ्याच्या बाजूच्या एका ग्रामीण शाखेत झाली. सिहोऱ्याचा सिंघाडा इकडे नावाजलेला. तेव्हा चार टक्के व्याजाची डीआरआय कर्जं असत, अगदी गरिबासाठी. एक ढीमर कक्का कर्ज मागायला आले. मी फॉर्म पुढे ओढला. जमीन? नाही. घर? गावठाणात खोपटं. "तो फिर खेती काहे की करते हो?" तर म्हणाले, "साहब, पानी की." फॉर्ममध्ये पाण्याचा रकानाच नव्हता. तारण काय लिहायचं? मी वरिष्ठांना विचारलं तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. शेवटी 'लघु व्यवसाय' असं लिहून प्रकरण बसवलं आणि पीक बघायला दर महिन्याला जायचं असं ठरवलं. कर्ज दिलं की पाहणी करायचीच, हा माझा नियम होता. त्या पाहण्यांत मी जे शिकलो ते बी.कॉम.च्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

चांगली जाड, पूर्ण पिकलेली फळं ते बियाणं म्हणून निवडून ठेवत, पण वाळवत नसत. पाण्यातच ठेवत. शिंगाड्याचं बी वाळलं की मेलं. गहू-हरभऱ्यासारखं कोठीत ठेवून चालत नाही. थंडी ओसरू लागली की लहान डबक्यात रोप टाकायचं, उन्हाळाभर ते डबकं आटू द्यायचं नाही, आणि पावसाला तोंड फुटलं की कंबरभर पाण्यात उतरून एकेक वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात रोवायची. अंगठ्यानं! हात पोचत नाही ना. वेल मग पाण्याबरोबर वर वर येते, पानांचा चक्राकार गुच्छ पाण्यावर पसरतो. पानाच्या देठाला मध्ये फुगीर, पोकळ गाठ असते, तीच तिची तरंगायची पेटी. पांढरं लहान फूल पाण्यावर फुलतं आणि मग देठ वाकून फळ पाण्याखाली धरतं. नवरात्राच्या सुमारास पहिली खुडणी. एकाच वेलीवरून दर काही दिवसांनी तोडत राहायचं, ते थंडीपर्यंत. दोन मडकी उलटी बांधून त्यावर बसून, नंतरच्या काळात ट्रकच्या ट्यूबवर बसून. बायकांच्या बोटांना काटे टोचून टोचून घट्टे पडलेले असत.

आणि या सगळ्या महिन्यांत जे काम सर्वांत जास्त चालायचं ते तोडणी नव्हे, निंदणी. काई काढायची, दुसरं पाणगवत काढायचं, आणि जलकुंभीचा एक जरी गड्डा कुठल्या ओढ्यानं वाहून आणला तरी तो त्याच दिवशी काठावर उलटा टाकायचा. कक्का म्हणायचे, हिला आज सोडलं तर दिवाळीला मला सोडावं लागेल. कारण साधं आहे. दोघींनाही पाण्याचा वरचा थर आणि ऊन पाहिजे. जलकुंभी उंच, जाड, दांडगी. ती शिंगाड्याला झाकून मारते. म्हणजे ज्याचं पोट शिंगाड्यावर आहे तो जलकुंभीचा जन्माचा वैरी. असा पहारेकरी तुम्हाला पगार देऊन मिळणार नाही. अर्जात त्यालाच पहिल्यांदा घालवायला सांगितलं आहे.

कर्ज वेळेवर फिटलं का, असं एकानं मागे विचारलं होतं. फिटलं. त्या शाखेतल्या ट्रॅक्टरच्या कर्जांपेक्षा बरं फिटलं.

आता जलकुंभीकडे वळू. खरी भानगड तिची आहे, आणि तिथे आपण सगळे भाबडेपणानं यंत्राच्या मागे लागलो आहोत.

ही बाई मूळची दक्षिण अमेरिकेची, अमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळं देखणं फूल म्हणून जगभर नेली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आली आणि तिनं नद्या-खाड्या बांधून टाकल्या, भातशेतं बुडवली, नावा अडवल्या. १९३६ साली बंगाल सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि १९३७च्या निवडणुकीत तिकडच्या सगळ्या मोठ्या पक्षांनी जलकुंभी हटवण्याचं वचन जाहीरनाम्यात दिलं होतं. आज कोण तलावाच्या नावावर मत मागतो! पण कायदा झाला, निवडणूक झाली, आणि जलकुंभी बंगालात आजही आहे. याचा विचार करा.

ती का टिकते? मी माझ्या भाषेत सांगतो. उबदार, घाणीनं माजलेल्या पाण्यात जलकुंभी साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होते. बियाची वाट बघत नाही. आडव्या फांद्या फेकते आणि प्रत्येक टोकाला नवं झाड धरते. चक्रवाढ व्याजच. समजा यंत्रवाल्यानं फार चोख काम केलं आणि शंभरातली नव्वद काढली. उरली दहा. पंधरा दिवसांनी वीस, महिन्यानं चाळीस, दीड महिन्यानं ऐंशी. म्हणजे गणपतीला काढलेली दिवाळीला हजर. फोटो काढायला, फीत कापायला आणि बिल पास करायला दीड महिना भरपूर होतो. शिवाय तिचं बीही तळाच्या गाळात वर्षानुवर्षं पडून राहतं, ते निराळंच.

आणि बिल कसलं? वजनाचं, नाहीतर ट्रॉल्यांचं. जलकुंभीत शेकडा पंच्याण्णवच्या आसपास पाणी असतं. शंभर टन उचललं तर पंच्याण्णव टन पाणी तुम्ही डिझेल जाळून रस्त्यानं फिरवलं. तेही फिरवलं तर! बहुतेक वेळा ते काठावरच ढीग घालून सोडतात. तिथे ते कुजतं आणि पहिल्या पावसात सगळा रस परत तलावात. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात, मध्ये कमिशन कुणाचं ते मी लिहीत नाही.

जलकुंभी पाण्यातून काय खाते? नत्र आणि स्फुरद. म्हणजे खत. तलावात खत कोण घालतं? नाला घालतो. संडास, मोऱ्या, साबण, धुणी-भांडी. गोड्या पाण्याच्या शास्त्राचा हा पहिला धडा आहे. तळ्यात किती हिरवं वाढेल ते तळ्यात किती खत उतरतं त्यावर ठरतं. जलकुंभी हे नाल्याचं पासबुक आहे. रोज जमा चालू आहे, ती तुम्ही थांबवत नाही, आणि वर्षातून एकदा मोठी रक्कम काढून "खातं साफ केलं" म्हणून टाळ्या वाजवता. शिल्लक कशी शून्य होईल?

आणि आता जरा कडू बोलतो. अर्जावरच्या पहिल्या पन्नासेक सह्या ज्या कॉलनीतल्या आहेत त्या कॉलनीचं सांडपाणी याच नाल्यानं याच तलावात येतं. मी नाल्याच्या काठानं चालत जाऊन पाहिलं आहे, तोंड रुमालानं झाकून. बाल्कनीतून तलाव दिसतो म्हणून फ्लॅटला जास्त भाव दिला, बाथरूम तलावात सोडलं, आणि आता वास येतो म्हणून ढीमरांना हाकला! अर्जात नाल्याबद्दल एक ओळ नाही. तीन मागण्यांत एकही नाही. मी दोनदा वाचला, चश्मा पुसून वाचला.

कुणी म्हणेल, मग औषध मारा. मारा, आणि आठवड्यानं माश्या घोंघावताना बघा. इतकी सगळी हिरवाई एकदम मेली की तळाशी जाते, कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, मग मासे वर येऊन तोंडं उघडतात आणि मरतात. आणि दुसरे म्हणतात जलकुंभीच्या टोपल्या, चटया, पर्स करा. करा, चांगलंच आहे, चार बायकांना काम मिळेल. पण पर्सनं तलाव साफ होत नाही. उलट उद्या त्या धंद्याला कच्चा माल कमी पडायला लागला की तलाव साफ व्हावा असं कुणालाच वाटणार नाही. आणि 'जलकुंभी पाणी शुद्ध करते' हे जे व्हॉट्सॲपवर फिरतं तेही अर्धंच. ती खत आणि जड धातू शोषते हे खरं, पण वेळच्या वेळी बाहेर काढून लांब नेली तरच. जागेवर मेली की घेतलेलं सगळं परत.

सगळ्यात हसू मला याचं येतं की आपलं गाव जबलपूर आहे. देशाचं तणसंशोधन निदेशालय आपल्या गावात, आधारतालच्या बाजूला आहे! बैतूल जिल्ह्यात सारणीच्या जलाशयावर दुसरं एक परदेशी तण माजलं होतं, लोक त्याला चायनीज झालर म्हणत. चीनचा काही संबंध नाही, तेही ब्राझीलकडचं. तर इथल्याच शास्त्रज्ञांनी त्यावर फक्त तेच तण खाणारा, दोनेक मिलिमीटरचा एक सोंडकिडा सोडला. त्याआधी कटनीकडच्या एका तलावात हाच प्रयोग करून पाहिला होता. दोन्हीकडे किड्यानं तण खाऊन तळाला लावलं. जलकुंभीवरचे सोंडकिडेही १९८०च्या दशकापासून देशात आहेत. ते जादू करत नाहीत, वेळ लागतो, घाणेरड्या पाण्यात वेल किड्याच्या पुढे पळते. पण विचारायला काय हरकत होती? रिक्षानं अर्ध्या तासाची वाट. अर्ज लिहिणाऱ्यांनी बॉस्टनला विचारलं, आधारतालला विचारलं नाही.

आधारताल म्हटल्यावर आठवलं. आमच्या आजीच्या तोंडी जबलपूर म्हणजे बावन्न तालांचं गाव. राणी दुर्गावतीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, दिवाण आधारसिंहाच्या नावाचा आधारताल. राणी गेली १५६४ मध्ये, ताल त्यानंतर चारशे वर्षं टिकले. आज राणीतालला स्टेडियम आहे. चेरीतालात लोकांच्या गच्च्यांवर लोणची वाळतात. हे ताल कोणत्या वनस्पतीनं खाल्ले? एकही नाही. ज्या तालातून कुणाला काही मिळत होतं, मासा, सिंघाडा, कमळ, गाळ, त्या तालाला बोलणारा माणूस होता. तो उठवला की काठ मोकळा, आणि काठ मोकळा झाला की मोजणीवाला येतो. मी माझ्या हयातीत हे तीन ठिकाणी पाहिलं. आधी 'सौंदर्यीकरण', मग पाळ पक्की, मग पाळीच्या आत रस्ता, मग रस्त्याच्या आत दुकानं.

पक्क्या काठाचं म्हणाल तर, उथळ, मातीचा, उतरता काठ हाच तलावाचा पचनाचा भाग. तिथे लव्हाळी, कमळ, पाणगवत असतं, गाळ अडतो, मासा अंडी घालतो. उभी भिंत बांधली की तलावाची टाकी होते. टाकीत फवारा छान दिसतो, मान्य.

आता आपल्या स्वयंपाकघरात या. तण आणि अन्न यांत रेघ कुठे आहे ते मला दाखवा. नाळीची भाजी, जिला इकडे करेमू किंवा कलमी साग म्हणतात, ती आमच्या आईनं गढ्याच्या बाजारातून किती वेळा आणली असेल. अमेरिकेच्या संघीय घातक तणांच्या यादीत ती आहे. तिचाच भाऊ बेशरम, तलावाच्या पाळीवर माजतो, बकरीनं खाल्ला तर बकरी आजारी. एकाच घरातले दोघे, एक ताटात एक कुंपणाला. मखाना आज आपल्या सुना डाएट म्हणून डबे भरभरून घेतात. २०२२ साली मिथिलेच्या मखान्याला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५च्या अर्थसंकल्पात त्याच्यासाठी बिहारात मंडळ जाहीर झालं. तोही तळ्यात उगवणारा, काट्यांनी भरलेला, मल्लाह लोकांनी बुडी मारून तळातून गोळा केलेला. तिकडे मंडळ, इकडे 'जंगली वनस्पती'. कमळाचं तर आमच्या घरी कायमचं भांडण असे. मराठीत कमळकाकडी म्हणजे कमळाचं बी, आणि इकडच्या हिंदीत कमलककडी म्हणजे चिखलातलं मूळ. पुण्याहून आलेल्या माझ्या वहिनीनं होमासाठी कमळकाकडी मागवली तर नोकरानं भाजीसाठी दोन किलो मुळं आणून टाकली. गुरुजी बसलेले. असो.

आणि उपासाचं ताट! 'आपण तण खातो' म्हणून ज्यांना पोटात ढवळलं त्यांनी ताटात नीट बघावं. साबुदाणा कसावाचा, दक्षिण अमेरिकेचा. बटाटा तिकडचा. शेंगदाणा तिकडचा. मिरची तिकडची. जलकुंभीच्या सगळ्या गाववाल्या! त्या ताटात इथल्या मातीतलं, इथल्या पाण्यातलं काय उरतं? वरीचे तांदूळ, आणि शिंगाडा. आजी एकादशीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करायची, तुपात खमंग भाजून, वर वेलदोडा. हिरवे शिंगाडे मोठ्या भांड्यात उकडायची, सालं काळीकुट्ट व्हायची आणि आमच्या बोटांना तो डाग दोन-दोन दिवस राहायचा. शाळेत गुरुजी हात बघून विचारायचे, काय रे, शाई सांडलीस का?

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर म्हणाल म्हातारा एकतर्फी बोलतो. सगळेच ठेकेदार संत नाहीत. काही जण पोटभाड्यानं तलाव देतात आणि भुंगेऱ्यावर वाट्टेल ते औषध वाट्टेल तितकं मारतात. हंगाम संपल्यावर वेली ओढून बाहेर न काढता तशाच कुजू देतात, तेही तलावाला वाईट. आणि नाल्याच्या पाण्यातला शिंगाडा आज मी माझ्या नातवाला कच्चा देणार नाही. घाण पाण्यातल्या कच्च्या शिंगाड्याच्या सालीवर एका आतड्यातल्या चपट्या कृमीची बीजं चिकटलेली असू शकतात, म्हणून दातांनी सोलायचा नाही, नीट धुवून उकडून खायचा. जड धातूंची भीती आहे ती उकडूनही जात नाही. पण यावर इलाज शिंगाडा बंद करणं हा आहे की नाला बंद करणं? दुधात पाणी घातलं म्हणून गाय विकणाऱ्यांतले आपण नव्हे.

यंदाची रोपं डबक्यांत तयार आहेत, मी परवा बघून आलो. अठ्ठावीस कुटुंबं या एका तलावावर आहेत. पावसाच्या आधी ठेक्याचा निर्णय झाला नाही तर रोपं तिथेच संपतील. आणि मी वर सांगितलं, हे बियाणं ठेवून देता येत नाही. एक वर्ष चुकलं की जपलेलं वाण गेलं, पुढच्या वर्षी कुणाकडे तरी हात पसरावा लागेल. अर्ज देणाऱ्यांना वाटतं एक वर्ष बंद ठेवून बघू, मग पुढचं पुढे. बँकेत आम्ही खातं गोठवायचो तेव्हा पैसे निदान जागेवर राहायचे.

मी दुसरा अर्ज लिहिला आहे. एका पानाचा. मागण्या अशा: नाल्याचं तोंड आधी वळवून सांडपाण्याची प्रक्रिया करावी आणि तोवर तलावात जाणाऱ्या पाण्याची तपासणी दर महिन्याला करून आकडे फलकावर लावावेत. जलकुंभी काढावी, पण वजनावर नाही, दोन महिन्यांनी किती उरली त्यावर पैसे द्यावेत, आणि ढीग काठापासून लांब नेऊन खत करावं. तणसंशोधन निदेशालयाचं मत लेखी घ्यावं. सिंघाड्याचा ठेका थेट पिकवणाऱ्या कुटुंबांना द्यावा, ठेकेदाराला नाही, आणि त्यात औषधाची मर्यादा व हंगामानंतर वेली बाहेर काढण्याची अट घालावी. शिंगाडा बाजारात जाण्याआधी त्याचीही तपासणी व्हावी. काठ मातीचाच ठेवावा. फवाऱ्याबद्दल माझा काही आग्रह नाही, हवा असेल तर बागेत लावा.

ज्यांनी आधीच्या अर्जावर सही केली आहे त्यांना ती मागे घेता येते, एका ओळीचं पत्र पुरतं. मसुदा माझ्याकडे आहे, फोन करा, नातू टाइप करून देईल.

रविवारी सकाळी साडेसातला मी तलावाच्या उत्तरेच्या घाटावर असेन. आधी नाल्यापर्यंत चालत जाऊ, मग ढीमर मंडळींशी बसू. त्यांना आपण येतोय हे सांगून ठेवलं आहे. अर्ज लिहिणाऱ्यांनीही जरूर यावं, मी त्यांना तिघांनाही वेगळा फोन केला आहे. येताना जाड तळव्याचे बूट घाला, पाळीवर गेल्या वर्षीचे काटे अजून पडलेले आहेत.